जुन्या हाय-फायची घरच्या घरी दुरुस्ती: आधी मोजा, मग टाका सोडवा

जुना अ‍ॅम्प्लिफायर हाती आला की बहुतेक जण सगळ्यात आधी कॅपॅसिटरची यादी करायला बसतात. मीही सुरुवातीला तेच केलं. सत्तरच्या दशकातल्या एका रिसीव्हरचा उजवा चॅनल हळू आवाजात गायब व्हायचा आणि व्हॉल्यूम वाढवला की खाडकन परत यायचा. मी टोन बोर्डावरचे कॅपॅसिटर बदलले, मग पॉवर अ‍ॅम्पचे बदलले. दोष जिथल्या तिथे. शेवटी स्पीकर रिलेचं (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचं) पारदर्शक टोपण काढून भिंगातून पाहिलं, तर उजव्या बाजूच्या पॉइंटवर (एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांवर) काजळीसारखा थर चढला होता. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवली, दोन पॉइंटच्या मध्ये धरून चार वेळा हळूच ओढली. पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या आणि चॅनल परत आला. पंधरा दिवस ज्यात गेले ते काम पाच मिनिटांचं होतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला आहे: सुरक्षितता, साफसफाई, मोजमाप, मग बदल. सुधारणा सगळ्यात शेवटी. हा लेख ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरविषयी, टर्नटेबलविषयी आणि स्पीकरविषयी आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट डीसी सहज असतो, आणि तो जिवावर बेततो. शिकायला घेतलेलं पहिलं यंत्र ते असू नये.

पिन लावण्याआधी

पहिली नजर मागच्या पाटीवर टाका. जपानमधल्या बाजारासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टवर चालतात, अमेरिकेसाठी बनलेली १२० वर. निर्यातीच्या कित्येक मॉडेलांना मागे किंवा आत व्होल्टेज निवडायचा स्विच असतो. आधीच्या मालकाने तो कशावर ठेवलाय हे बघितल्याशिवाय वीज देऊ नका. १०० व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं आणि फ्यूज उडाला तर सुटलात. नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि बाकी बहुतेक भागांना पर्याय मिळतो तसा त्याला सहजासहजी मिळत नाही.

मग फ्यूज बघा. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर आत मोठा शॉर्ट आहे. नुसती तार मधोमध तुटलेली असेल तर ती वयानेही तुटलेली असू शकते. नवा फ्यूज मूळ अ‍ॅम्पियरचाच आणि मूळ प्रकारचाच हवा. विलंबाने उडणाऱ्याच्या जागी झटपट उडणारा लावला तर चालू करतानाच जाईल, आणि जास्त अ‍ॅम्पियरचा लावला तर फ्यूजऐवजी दुसरंच काहीतरी जळेल.

आता सिरीज लॅम्प. ६० किंवा १०० वॉटचा तारेचा जुना बल्ब यंत्राच्या फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, कारण आपल्याला तापलेल्या तारेचा वाढता रोध हवा आहे. जोडणी बंद डब्यात आणि पक्क्या होल्डरवर करा, उघड्या वायरा लोंबकळत ठेवू नका. चालू केल्यावर बल्ब क्षणभर भपकन पेटून मंद झाला तर फिल्टर कॅपॅसिटर (पुरवठ्याचा डीसी सपाट करणारे मोठे कॅपॅसिटर) भरले आणि सगळं ठीक आहे. तसाच झगझगीत पेटत राहिला तर शॉर्ट आहे: लगेच बंद करा आणि आधी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे डायोड), मग आउटपुट ट्रान्झिस्टर तपासा. या पहिल्या चाचणीत स्पीकर अजिबात जोडायचे नाहीत.

यंत्र बंद केलं, पिन काढली, तरी मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय वाईट. त्यात कॅपॅसिटरही खराब होतो आणि बोर्डावरची पट्टीही उडते. १०० ओम ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना इन्सुलेटेड वायर आणि क्लिप लावा, आणि दहा-पंधरा सेकंद धरा. १०,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर या रेझिस्टरमधून पाच सेकंदांत जवळजवळ रिकामा होतो. तरीही मल्टिमीटरने व्होल्टेज बघा, एक व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात नको. प्लस आणि मायनस असे दोन कॅपॅसिटर असतील तर दोन्ही रिकामे करायचे.

हत्यारं

मिलिव्होल्ट दाखवणारे दोन मल्टिमीटर (दोन्ही चॅनल एकदम बघता येतात), तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, ६३/३७ (कथील-शिसे) चं ०.८ मिलिमीटर सोल्डर, सोल्डर ओढायचा पंप आणि तांब्याची जाळी, भिंग, आणि कॅमेरा. जुन्या बोर्डाच्या पट्ट्या उष्णतेने सुटतात, म्हणून टोक ३५० अंशांच्या आसपास ठेवून काम पटकन उरकावं. कमी तापमानावर आयर्न बराच वेळ टेकवून ठेवण्याने नुकसान जास्त होतं.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. जपानी यंत्रांचे फुली स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस टोकाचा एक स्क्रूड्रायव्हर घेतला तर पन्नास वर्षं न हललेला स्क्रूही खाच न बिघडवता निघतो.

साफसफाई

जुन्या हाय-फायमधले निम्मे दोष हे दोष नसतातच, ती घाण असते. एक चॅनल गायब, व्हॉल्यूम फिरवताना खरखर, बॅलन्स मधोमध असूनही आवाज एका बाजूला झुकलेला: आधी पॉट (नॉबमागचा फिरता रोध) आणि स्विच.

कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या बाहेरून फवारून काही होत नाही. पॉटच्या पत्र्याच्या खोक्यात, पायांच्या वरच्या अंगाला, छोटी फट असते. फवाऱ्याची नळी तिथे टेकवून थोडंसं आत सोडा आणि मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. सरकणाऱ्या पॉटसाठी वंगण असलेला वेगळा क्लीनर वापरा, नाहीतर मूळ ग्रीस धुऊन जातं आणि नॉबचा तो मऊ जडपणा कायमचा नाहीसा होतो. गंज सोडवायचा स्प्रे यात घालू नका. त्याचा थर राहतो आणि धूळ ओढतो. सिलेक्टर, टेप मॉनिटर (टेप डेकचा आवाज निवडायचं बटण) आणि प्री-आउट ते मेन-इन यांमधल्या, मागच्या बाजूच्या जोडपिना विसरू नका. टेप मॉनिटरचं एक कळकट बटण अख्खा चॅनल गिळू शकतं. सगळं झाल्यावर तासभर वाळू द्या, मगच वीज.

रिलेच्या पॉइंटना सॅंडपेपर लावायचा नाही, त्यावरचा मौल्यवान धातूचा मुलामा निघून जातो. कागद आणि अल्कोहोलने भागलं तर ठीक, नाहीतर त्याच कॉइल व्होल्टेजचा आणि तेवढ्याच क्षमतेचा नवा रिले बसवा.

दोन आकडे

आता मोजमाप. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरची तब्येत सांगणारे दोन आकडे असतात आणि दोन्ही मिलिव्होल्टमध्ये मिळतात.

पहिला, आउटपुटवरचा डीसी ऑफसेट, म्हणजे काहीही वाजत नसताना तिथे उरलेला डीसी व्होल्टेज. व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर काढलेले, रिले टक् करून ओढला गेल्यावर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर उत्तम. १०० च्या पुढे गेला तर कारण शोधा: बहुतेकदा इनपुटच्या जोडीतले दोन ट्रान्झिस्टर एकमेकांशी जुळेनासे झालेले असतात, किंवा ऑफसेटचा प्रीसेट (बोर्डावरचा, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) ऑक्सिडाइझ झालेला असतो. रिले ओढलाच गेला नाही तर संरक्षण सर्किटने बहुधा मोठा डीसी पाहिलाय. रिलेच्या आधीच्या बाजूला मोजा. तिथे ४० व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे, आणि रिले शॉर्ट करून ‘बघू तरी वाजतंय का’ असं केलं तर स्पीकरची कॉइल काही सेकंदांत जळेल.

काही जुन्या रचनांमध्ये आउटपुटला मोठा कॅपॅसिटर सिरीजमध्ये असतो. १९६७ चा क्वाड ३०३ तसाच. तिथे कॅपॅसिटरच्या आधीच्या बिंदूवर पुरवठ्याच्या निम्मा व्होल्टेज यायला हवा, तोच त्याचा ऑफसेट समजायचा.

दुसरा आकडा बायस, म्हणजे काहीही वाजत नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा प्रवाह. तो थेट मोजत नाहीत. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला पांढऱ्या सिमेंटचा ०.२२, ०.३३ किंवा ०.४७ ओमचा रेझिस्टर असतो; त्याच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज मोजून भागाकार करायचा. ०.४७ ओमवर १० मिलिव्होल्ट दिसले तर सुमारे २१ मिलिअ‍ॅम्पियर. किती हवेत ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, आणि अंदाजाने प्रीसेट फिरवण्यापेक्षा मॅन्युअल शोधायला दोन दिवस गेले तरी चालतील.

हे मोजताना आकडा बदलताना दिसतो आणि तिथेच खरी माहिती असते. थंड असताना १२ मिलिव्होल्ट, पाच मिनिटांनी १६, दहा मिनिटांनी १८, आणि मग १८ वरच स्थिर: हे निरोगी यंत्र. दहाव्या मिनिटाला १८, पंधराव्याला २५, विसाव्याला ३५ आणि हीटसिंकला हात लागेना: हे यंत्र बंद करा. बायसचा ट्रान्झिस्टर किंवा डायोड हीटसिंकला नीट टेकलेला नाही, किंवा मधली पेस्ट वाळून पांढरी भुकटी झाली आहे. पेस्ट पुसून नवी लावा, अभ्रकाचा पत्रा तसाच परत बसवा, आणि ट्रान्झिस्टरची बॉडी हीटसिंकला लागत नाही ना हे मीटरने तपासा.

प्रीसेट फिरवण्याआधी त्याची मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा. चाळीस-पन्नास वर्षं एका जागी बसलेल्या प्रीसेटचा संपर्क फिरवताना क्षणभर सुटू शकतो, आणि काही रचनांमध्ये तेवढ्या क्षणात बायस वर जाऊन आउटपुट ट्रान्झिस्टर उडतो. म्हणून मी बायस जुळवण्याआधी, यंत्र बंद असताना, तो प्रीसेट काढून नवा बहुफेरी प्रीसेट बसवतो आणि पहिल्यांदा चालू करताना तो बायस सगळ्यात कमी होईल त्या टोकाला ठेवतो. बायसची अंतिम जुळणी सिरीज लॅम्प काढून करायची. लॅम्पवर यंत्राला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, आकडे खोटे येतात.

कॅपॅसिटर

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर म्हातारा होतो हे खरं आहे. आतला द्रव हळूहळू उडून जातो, अंतर्गत रोध वाढतो. पण सगळे सारखे म्हातारे होत नाहीत. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. ८५ अंशांना २,००० तासांचा कॅपॅसिटर ४५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकतो. १०५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा, सव्वा लाखाच्या पुढे जातो. म्हणून गरम रेझिस्टरला किंवा हीटसिंकला चिकटून बसलेला छोटा कॅपॅसिटर आधी संशयित, आणि गार कोपऱ्यातला मोठा फिल्टर कॅपॅसिटर बराच नंतर. नवे घेताना १०५ अंशांचेच घ्या.

क्रम असा ठेवा. मेन्सच्या स्विचवर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आधी असलेला जुना मेटलाइज्ड कागदाचा कॅपॅसिटर पहिला. त्याच्या पारदर्शक पिवळसर आवरणाला बारीक चिरा जातात, दमट हवा आत शिरते, आणि एक दिवस तो धूर सोडतो. तिथे फक्त एक्स-२ (थेट मेन्सवर लावायच्या) वर्गाचाच फिल्म कॅपॅसिटर बसवायचा. मग संरक्षण सर्किटचे आणि नियंत्रित पुरवठ्याचे कॅपॅसिटर, कारण ते गेले तर बाकी सगळं धोक्यात येतं. मग सिग्नलच्या वाटेतले. मोठे फिल्टर शेवटी, तेही फुगले, गळले किंवा घरघर ऐकू आली तरच.

व्होल्टेज मूळ इतकाच किंवा जास्त, मायक्रोफॅरड मूळ इतकेच. ‘मोठा लावला की बास वाढतो’ म्हणून मोठ्या फिल्टरच्या जागी दुप्पट क्षमतेचे लावायचा मोह होतो. तसं केलं की चालू करताना रेक्टिफायर, फ्यूज आणि स्विच यांवर येणारा झटकाही वाढतो, आणि मूळ अभियंत्याने तो हिशोब करूनच आकडा ठरवलेला असतो. २० ते ३० टक्क्यांच्या वर मी जात नाही. सिग्नलच्या वाटेत १ ते २.२ मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक असतील तर तिथे फिल्म कॅपॅसिटर बसवणं मात्र खरी सुधारणा आहे; ५ मिलिमीटर अंतराच्या पायांचे मिळतात आणि ते वाळत नाहीत.

बदलताना एकावेळी एकच. काढा, दिशा बघा, नवा घाला, टाका लावा, पुढचा. सगळे एकदम उपटून मग छापील खुणांवर विसंबून भरू नका. काही बोर्डांवर छापलेली दिशाच चुकीची असते आणि कारखान्यात बरोबर बसवलेला मूळ कॅपॅसिटर हाच एकमेव पुरावा असतो. पाच-सहा बदलले की यंत्र लावून ऑफसेट आणि बायस पुन्हा बघा. काही बिघडलं तर शेवटच्या पाचांतच आहे हे कळतं.

कॅपॅसिटरच्या बुडाशी बदामी-तपकिरी डिंक दिसला तर तो खरवडून काढा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक यंत्रांत मोठे भाग हलू नयेत म्हणून तो लावलेला असे. वयानुसार तो गडद होतो, वीज वाहू लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खाऊन टाकतो. अल्कोहोलने ओला करून लाकडी काडीने काढला की बोर्डाला ओरखडा जात नाही.

ट्रान्झिस्टरमध्ये नाव घेऊन सांगावे असे दोन आहेत: २एससी४५८ आणि २एसए७२६. वयानुसार हे ‘शूंऽऽ’ किंवा तळण्यासारखा चटचट आवाज करतात. पर्याय निवडताना डेटाशीटवर पायांचा क्रम बघा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या नव्या ट्रान्झिस्टरचा बेस-कलेक्टर क्रम वेगळा असू शकतो.

टर्नटेबल

इथे इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा रबर आणि ग्रीस जास्त त्रास देतात. पट्टा ढिला पडला तर बदला. आयडलर (मोटरची गती प्लॅटरला, म्हणजे रेकॉर्डच्या फिरत्या तबकाला, देणाऱ्या) चाकाचं रबर चकाकत असेल तर अल्कोहोलने पुसून बारीक सॅंडपेपरने हलकासा पोत आणा. ऑटोमॅटिक यंत्रणेतलं जुनं ग्रीस गोंदासारखं होतं. ते पूर्ण काढून नवं अगदी थोडं लावायचं. जुन्यावर तेल ओतलं की आठ दिवसांत पुन्हा तेच.

वेग तपासायला प्लॅटरवर ठेवायची स्ट्रोबची चकती पुरते. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघा, ६० हर्ट्झवर २१६. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. मेन्सवर लुकलुकणारा दिवा लागतो. मोबाईलच्या टॉर्चखाली काहीच कळत नाही. सिंक्रोनस मोटरचं (विजेच्या वारंवारतेवर वेग ठरणारं) यंत्र ६० हर्ट्झच्या देशातून ५० च्या देशात आलं असेल तर ते हळू फिरेल आणि पुलीच बदलावी लागेल. १९७२ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्हला (जिथे मोटरच थेट प्लॅटर फिरवते) ही अडचण नाही.

आवाज चिरका किंवा बोथट येत असेल तर सुई बदलण्याआधी केबलचा विचार करा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या, हलत्या चुंबकाच्या पिकअपला) ४७ किलोओम आणि ठरावीक पिकोफॅरड लागतात, आणि त्यांत केबलची क्षमताही धरलेली असते. लांब, जाड, महागडी केबल लावून कित्येक जण वरचे सूर बिघडवून घेतात.

स्पीकर

फोमचा सराउंड (कोनभोवतीची लवचीक कड) साधारण १५ ते २५ वर्षांत विरतो. बोट लावलं की भुकटी. कोन, कॉइल, चुंबक सगळं शाबूत असतं, त्यामुळे आख्खा वूफर टाकून देऊ नका. जुना फोम आणि डिंक अल्कोहोलने सोडवून नव्या फोमची आतली कड आधी कोनला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. मग बाहेरची कड चौकटीला लावताना कॉइल मधोमध राहायला हवी: डिंक ओला असताना कोन दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा आणि कानाने घासण्याचा आवाज शोधा. हलकीशी खरखर आली तर फोम केसभर सरकवा. कापडी सराउंडला यातलं काहीही करू नका, तो बहुधा ठीकच असतो.

क्रॉसओव्हरमधले (वूफर-ट्विटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधले) बायपोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेले, इलेक्ट्रोलिटिक मात्र मोजा. छापील आकड्यापासून २० टक्क्यांहून लांब गेले असतील तर फिल्म बसवा. फिल्मचा अंतर्गत रोध कमी असल्याने ट्विटर किंचित पुढे येतो. कानाला टोचत असेल तर अर्ध्या ओमच्या आतला एक रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. क्रॉसओव्हरच्या कॉइलना हात लावू नका, त्या म्हाताऱ्या होत नाहीत. शेवटी १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही वूफर एकाच दिशेला हलतात का बघा. काही जुने जेबीएल प्लसला आत जातात, त्यांच्या रचनेत तेच बरोबर.

सुधारणा

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर महिनाभर ऐका. पुष्कळदा आणखी काही करावंसं वाटत नाही.

जी एक सुधारणा मी जवळजवळ प्रत्येक यंत्राला सुचवतो ती यंत्राच्या बाहेर होते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं ऑक्स इनपुट १५० मिलिव्होल्टच्या आसपास पूर्ण ताकद देतं. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल सिग्नलमधून आवाजाचा सिग्नल काढणारं यंत्र) २ व्होल्ट देतो. त्यामुळे नॉब आठ-नऊच्या काट्यावरच आवाज फार होतो, आणि पॉटचे दोन चॅनल नेमके त्याच भागात सगळ्यात कमी जुळलेले असतात. प्रत्येक चॅनलला २२ किलोओम सिरीजमध्ये आणि १० किलोओम ग्राउंडला, एवढे दोन रेझिस्टर छोट्या डबीत घालून केबलच्या मध्ये लावा. ४७ किलोओमच्या इनपुटला सिग्नल सुमारे ११ डेसिबलने उतरतो, नॉब अकरा-बाराच्या भागात येतो आणि बॅलन्सची तक्रार संपते.

ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांत सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या, म्हणजे ४५५८ ऑपअ‍ॅम्पच्या जागी एनई५५३२ बसवतात. पाय जुळतात, पण त्याला प्रवाह जवळजवळ दुप्पट-तिप्पट लागतो, आणि पुरवठ्याच्या पायांपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक नसेल तर तो ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर थरथरत राहतो. पुरवठ्याच्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज आधी आणि नंतर मोजा. डायलचे बल्ब एलईडीचे केलेत तर उष्णता कमी होते, पण थंड पांढरा रंग घेऊ नका. डायलमागचा हिरवा-निळा रंग तारेच्या पिवळट दिव्यासाठीच निवडलेला असतो.

झाकण लावण्याआधी चार तास साध्या, गेले तरी चालतील अशा स्पीकरवर यंत्र चालवा, आणि दर तासाला ते दोन आकडे बघा. मग एका कागदावर तारीख, दोन्ही चॅनलचा ऑफसेट, दोन्हींचा बायस आणि बदललेल्या भागांची यादी लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. एका अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणात मला पेन्सिलने लिहिलेली १९८३ ची तारीख आणि ‘डावा १८, उजवा १९’ एवढंच सापडलं होतं. मी मोजलं तर डावा अजून १८ होता आणि उजवा ४१. कुणी लिहिलं माहीत नाही, पण उजव्या चॅनलचा वाळलेला पेस्ट मला दहा मिनिटांत सापडला.